अनोळखी निरोपाची घंटा

अरे थांबा, आधी माझं ऐका, मग काय ते मागवा!

आमच्या ऑफिसात सगळे एका बाईला आत्या म्हणतात. का, तर ती खरंच मालकाची आत्या आहे. वशिला म्हणाल तर उलटा, त्याला प्रोग्रामिंग तिनेच शिकवलं!

आता आमचं काम सांगते. दवाखान्यांतले लशींचे फ्रिज आमच्या सर्व्हरला निरोप पाठवतात. तापमान वाढलं, दार उघडं राहिलं, वीज गेली, असे. प्रत्येकावर त्याचा प्रकार लिहिलेला. कुठल्या प्रकाराचं काय करायचं, तो कोड माझा. हे असेल तर असं, नाहीतर तसं, नाहीतर... पाचशे ओळी! मी आपली खूश. आत्याने वाचलं आणि म्हणाली, "अगं, तुझा रखवालदार फाटक सोडून आत भांडी घासतोय!"

मग तिने एक तक्ता केला. डावीकडे प्रकार, उजवीकडे त्याचं काम करणारं फंक्शन. बस्स! दारातल्या, म्हणजे निरोप घेणाऱ्या, कोडने नुसता प्रकार वाचायचा, तक्ता बघायचा, ज्याचं त्याला द्यायचं. दारात उरल्या बारा ओळी. काय देखणा दिसत होता तो कोड, शप्पथ!

आणि तळाशी एक जादा ओळ: अनोळखी. प्रकार तक्त्यात नसेल तर निरोप जपून ठेवायचा आणि आमच्या टेबलावरची घंटा वाजवायची. माझा कोड अशाला 'मिळालं' म्हणायचा आणि फेकून द्यायचा.

मी म्हटलं, "आत्या, प्रकार ठरलेले आहेत. अनोळखी कोण येणार?"

"मला काय माहीत? म्हणून तर घंटा."

काल दुपारी आम्ही जेवतोय आणि घंटा! मुलांच्या दवाखान्यातला नवा फ्रिज. निरोप काय, तर 'राखीव बॅटरी, वीस मिनिटं उरली'. हे मॉडेल वीज गेल्याचं सांगतच नाही, थेट बॅटरीचं सांगतं. आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं!

आत्याने उष्ट्या हाताने फोन लावला. "सिस्टर, फ्रिजचा प्लग बघा."

"छान चाललाय हो, आत दिवा लागतोय की!"

"तो बॅटरीवर लागतोय. प्लग बघा."

फोनमधून फ्रिज सरकवल्याचा आवाज. मग, "अगं बाई! फरशी पुसताना कुणीतरी काढलाय!"

"लावा आधी!"

चारशे मुलांच्या लशी होत्या त्यात! माझा कोड असता तर 'मिळालं' म्हणून मोकळा झाला असता ना! पण आत्याने माझ्यापुढे खुर्ची सरकवली. "बस. आता हा ओळखीचा झाला. लिही."

मी नऊ ओळींचं फंक्शन लिहिलं, तक्त्यात एक ओळ वाढवली. बाकी कशालाही हात लावावा लागला नाही, कळतंय का तुम्हाला!

बॅटरी पुन्हा भरल्यावर आत्याने फोन केला. "सिस्टर, मिनिटभर प्लग काढता का?"

"अहो, मघाशी तर लावायला सांगितलंत!"

काढला तिने. मी घंटेकडे बघतेय, घंटा गप्प. आणि तेवढ्यात फोनमधूनच, सिस्टरच्या खिशातल्या मोबाइलची, टिंग!

"अय्या, मलाच आलं! 'प्लग तपासा' म्हणतंय!"

"मग तपासा," आत्या म्हणाली, आणि डब्यातली उरलेली पोळी संपवायला गेली.