कोरडे खडक

दादाने तिसऱ्यांदा बूट काढला तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"खडा आहे," तो म्हणाला.

"मघाशीही खडाच होता."

"ही त्याची धाकटी बहीण. तुझ्यासारखीच टोचतेय."

मी घड्याळ त्याच्या नाकासमोर धरलं. त्याने चष्मा सारखा केला, घड्याळाकडे पाहिलं आणि सावकाश नाडी बांधायला घेतली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बस सोडल्यापासून आम्ही दीड तास उघड्या माळावरून चालत होतो. पायवाट अशी नव्हतीच, गुडघ्याएवढी काटेरी झुडपं होती आणि त्यांच्यातून वाट काढायची होती. दादा चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर काउंटरमागच्या चिंचोळ्या खोलीत उभा राहून काचा घासतो. चालायची सवय नाही. पण समुद्राकाठच्या त्या कड्यावरून मी एकटीने उतरायचं नाही असा आईने हट्ट धरला, म्हणून त्याने सुट्टी टाकली. सकाळी बस सुटायच्या ठिकाणी त्याला चहा हवा होता. चहा आला, मग बिस्किटं, मग टपरीवाल्याच्या चष्म्याची सैल झालेली दांडी. आमची बस गेली. पुढची वीस मिनिटांनी आली.

"वीस मिनिटांनी काय समुद्र आटणार आहे?" तो म्हणाला.

"उलट. भरणार आहे. तेच तर सांगतेय."

खाली त्या किनाऱ्यावर, एका खडकाच्या कपारीत, मी वर्षापूर्वी काडेपेटीएवढं एक यंत्र बसवलं होतं. दर अर्ध्या तासाला ते पाण्याचं तापमान नोंदवतं. त्यात बरोबर एका वर्षाच्या नोंदी मावतात. जागा भरली की ते पहिल्या नोंदी पुसून त्यांच्यावर नव्या लिहू लागतं. आज तीनशे एकसष्टावा दिवस होता. तो खडक फक्त उधाणाच्या मोठ्या ओहोटीला उघडा पडतो, तोही जेमतेम चाळीस मिनिटं. उद्यापासून पाणी इतकं खाली जाणार नव्हतं आणि पुढची तशी ओहोटी साडेपाच महिन्यांनी होती. तोवर पहिले पाच महिने पुसले गेले असते. माझं पुढचं संशोधनाचं काम या नोंदींवरच मिळणार होतं. सरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं.

हे सगळं मी दादाला माळावरून चालता चालता दोनदा समजावलं.

"म्हणजे तिथे कोणी येत नाही, बस जात नाही, वर्षातून दोनदा पाणी हटतं," तो धापा टाकत म्हणाला. "यापेक्षा घरच्या पिंपात घालायचं होतंस ते."

कड्याच्या टोकाशी पोचायला बारा वाजून सोळा मिनिटं झाली. खाली काळ्या खडकांच्या दोन सोंडांमध्ये किनारा अडकलेला होता. वाळू थोडीच, बाकी सगळे डोक्याएवढे गोटे. लाटा मागे जाताना ते एकमेकांवर घरंगळत आणि तो खडखडाट वरपर्यंत येई. वाळूवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. एरवी मी पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले असते. आज मी दोर बांधला आणि उतरायला लागले. माती पायाखालून सुटत होती. वरून दादा प्रत्येक पायरीला "थांब गं" म्हणत होता आणि मी प्रत्येक वेळी दात खात थांबत होते.

बारा अडतीसला आम्ही खाली होतो. माझ्या हिशेबाने पाणी बारा चाळीसला सगळ्यात खाली असायला हवं होतं. तो खडक दिसत नव्हता. जिथे असायला हवा तिथे लाटा फुटत होत्या.

"तुझा चहा!" मी ओरडले. "तुझी ती दांडी! वर्ष गेलं माझं, वर्ष! दहा मिनिटं लवकर आलो असतो तरी..."

तो खाली बसून बुटाची नाडी सोडू लागला. मी वाक्य पूर्ण केलं नाही, कारण माझं लक्ष पाण्याच्या कडेला गेलं. कडेचे खडक कोरडे होते. पाणी उतरत असतं तेव्हा ते नुकतंच या खडकांवरून गेलेलं असतं आणि खडक ओले असतात. कोरडे खडक म्हणजे पाणी चढतंय, आणि बराच वेळ चढतंय.

मी पिशवीतून सरांनी ओहोटीची वेळ लिहून दिलेला कागद काढला. त्यावर बारा वाजताची वेळ होती. छापील वेळा बंदराच्या असतात आणि बंदरापेक्षा या किनाऱ्यावर ओहोटी चाळीस मिनिटं उशिरा येते, म्हणून काल मी त्यात चाळीस मिळवली होती. तो फरक गेल्या वर्षी मीच मोजून काढला होता आणि तो माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. वेळेखालीच सरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: तुझा फरक धरून. म्हणजे ती चाळीस मिनिटं मी दुसऱ्यांदा मिळवली होती.

खडक अकरा चाळीसला उघडा पडला होता आणि बारा वीसला बुडाला होता. दादाने चहाचं नावही काढलं नसतं तरी, मी ठरवलं होतं तसं, आम्ही बारा वीसलाच, खडक बुडताना, इथे पोचलो असतो.

मी मान वर केली. दादाने बूट काढले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि तो पाण्यात शिरला होता.

"कुठे आहे सांग," तो मागे न बघता म्हणाला. "माझ्यामुळे गेलं ना? मग मीच आणतो. डावीकडे का?"

मी गप्प राहिले. किती वेळ, ते मला नक्की माहीत आहे: तीन लाटा. त्या तीन लाटांत तो कमरेपर्यंत गेला. त्याला धड पोहता येत नाही.

"दादा, परत ये! तुझी चूक नाही! मी वेळ चुकवलीय, मी!"

तो वळला. "काय?"

त्याला ऐकू आलं होतं की नाही कोण जाणे, पण वळल्यामुळे चौथी लाट त्याच्या पाठीवर आली. तो तोंडावर आपटला. मी धावले, त्याचा शर्ट मुठीत धरला आणि आम्ही दोघं गोट्यांवरून खरचटत बाहेर आलो. त्याचं कोपर सोलवटलं होतं. चेहऱ्यावर चष्मा नव्हता.

मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो नाकाला लागेल इतका जवळ धरून वाचला. मी हिशेब सांगितला. त्याने मध्ये एकदाही विनोद केला नाही.

"बस चुकल्यापासून बोलतेयस मला," तो शेवटी म्हणाला. "आणि पाण्यात गेलो तेव्हा तोंड उघडायला इतका वेळ?"

मी समुद्राकडे पाहिलं. पाण्याखाली ते यंत्र आपलं काम करत असणार, एक वाजताची नोंद घेणार, दीडची घेणार.

बूट घालून तो दोराशी गेला आणि कड्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या चष्म्याचा नंबर उणे सात आहे. त्याच्यापुढे नुसता तांबूस धूर असावा. मी त्याच्या पुढे झाले आणि त्याचा हात माझ्या कमरेच्या पट्ट्यावर ठेवला. त्याने तो काढला. दोन पावलांनी घसरला, मग मुकाट्याने पुन्हा ठेवला.

"इथे पायरी आहे," मी म्हणाले. "साधारण गुडघ्याएवढी."

"साधारण नको. मोजून सांग."

मी वाकले, पायरीला वीत लावली आणि त्याला आकडा सांगितला.