स्टॅकचा दुसरा अर्थ

गोदामात खोकी रचण्यात थप्पीदादाचा हात धरणारा कुणी नव्हता. एकोणीस वर्षांत त्याची एकही थप्पी कलली नव्हती. म्हणूनच, सात खोक्यांची एक थप्पी कोसळून त्याचा सख्खा मेहुणा जागच्या जागी गेला, तेव्हा सगळ्यांच्या माना आधी त्याच्याकडे वळल्या. ती थप्पी आदल्या पाळीची होती, दादा कामावर यायच्या आधीच उभी होती. चौकशीत त्याने तेवढंच सांगितलं, आणि ते खरं होतं. विधवा झालेल्या बहिणीने तरी त्यावर विश्वास ठेवला होता. बाकी जगाचं त्याला फारसं काही नव्हतं.

आठवड्याने कचेरीतून चिठ्ठी आली. दोन वाक्यं, तीही इंग्रजीत. आपल्या भाषेत लिहिलं तर साहेबांचा हुद्दा कमी होतो की काय, देव जाणे! दादाची मुलगी सहावीत, इंग्रजीत वर्गात पहिली. ती डिक्शनरी मांडीवर घेऊन ऐटीत बसली.

"'धिस डज नॉट स्टॅक अप. एक्सप्लेन.' स्टॅक म्हणजे थप्पी लावणे. हे थप्पी लावत नाही, खुलासा करा."

"हे म्हणजे कोण?"

"तुम्हीच की, बाबा!"

दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेहुणा गेल्यापासून आतल्या आत कोंडलेलं सगळं त्या एका शब्दावर फुटलं.

"मी थप्पी लावत नाही? मग कंबर काय झोपा काढून मोडली? लिही! गोदामातली एकूण एक थप्पी मी माझ्या हाताने लावली आहे. एकूण एक!"

मुलीने वळणदार अक्षरात ते इंग्रजीत लिहिलं. दादाने खाली ठसठशीत सही ठोकली आणि चिठ्ठी कचेरीत नेऊन दिली.

चार दिवसांनी कारकुनाने त्याला बोलावून कामावरून काढल्याचा कागद हातात ठेवला.

"कबुली दिलीत, बरं केलंत."

"कसली कबुली?"

"अहो, चौकशीतलं तुमचं म्हणणं जुळत नाही, पटत नाही, खुलासा करा, एवढंच लिहिलं होतं. स्टॅक अपचा तसाही अर्थ होतो. तुम्ही तर सगळं अंगावर घेऊन मोकळे झालात!"

"मग दुसरं लिहून देतो. आत्ता देतो."

"सही तुमचीच ना? फाइल वर गेली."

दादा पाय ओढत घरी आला. त्याने लिहून दिलेल्या चिठ्ठीची नक्कल कचेरीने बहिणीला पाठवली होती, ती घेऊन ती बसली होती. शेजारी मुलगी अभ्यास करत होती.

"दादा, ही सही तुझी?"

"आत्या, मीच लिहून दिलंय ते!" मुलगी फुशारकीने म्हणाली. "कचेरीतून आलेली चिठ्ठीसुद्धा मीच वाचून दाखवली."

दादाने मुलीकडे पाहिलं. खरं सांगावं तर पोरीला कळणार, बापाला कुणी बुडवलं ते. अकरा वर्षांच्या जिवाने ते जन्मभर कसं वागवायचं? त्याला ढसाढसा रडावंसं वाटत होतं.

"माझीच," तो म्हणाला. "ती थप्पी मीच लावली होती."

बहीण उठली आणि चपला पायात न घालताच निघून गेली. मुलीने वह्या गोळा केल्या आणि ती त्याच्यापासून लांब, दाराजवळ जाऊन बसली.