उंबऱ्यावरच्या वाट्या

शालूबाई, धार काढता काढता ऐक. पुढल्या आठवड्यात तू लेकीकडं, कोमलकडं पुन्याला चाललीस, पैल्यांदाच, म्हनून सांगते. लेकाकडनं लवकर कशी परत आली असं अख्ख्या आळीनं इचारलं, तर मी म्हनले, तितली हवा मानवली न्हाई. तुला खरं सांगते. माझी तांबडी तुझ्या दावणीला हाय, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू?

माझा प्रदीप मला न्यायला गाडी घिऊन आला तवा तू व्हतीसच. बाबा गेले, आता एकटीनं कशाला राहायचं, कायमचीच चल, हे त्याचं बोलनं तूबी ऐकलंस. त्याच्या जिवावर मी गाय तुला दिली नि घराला कुलूप घातलं. गाडी कान्ह्याच्या फाट्याला लागायच्या आत त्याची शिकवनी सुरू झाली. लिफ्टमधी कुनाशी बोलायचं न्हाई. कुनाला गाव, आडनाव, पोरंबाळं इचारायची न्हाईत. कुनाकडं जायचं तर आदी फोन करायचा. बेल एकदाच वाजवायची, दार उघडलं न्हाई तर पुन्यांदा वाजवायची न्हाई. गॅलरीतनं हाक मारायची न्हाई. मी म्हनले, आरं मग तितं करायचं तरी काय? सूनबाई, समीक्षा, पुढं बसली व्हती, ती हसली. मीबी हसले. येडी मी.

तरी समदं पाळलं गं. लिफ्टमधी रोज माझ्याच वयाची एक बाई भेटायची. ती वरच्या आकड्यांकडं बघायची, मग मीबी आकड्यांकडं बघायची. लय वाटायचं, इचारावं, बाई तुमी कुटल्या? पन जिभेला गाठ मारली. लेकाच्या घरात कायमचं राहायचं तर येवढं तरी केलंच पायजे.

मग माझ्यासंगं आनलेला नवा तांदूळ समीक्षानं शिजवायला काढला. मी म्हनले, थांब. आपल्याकडं नवा तांदूळ वाटी वाटी शेजारी गेल्याबिगर चुलीवर चढतो का? माझ्या सासूपास्नं पैली वाटी तुझ्या घरला येते, वर चिमूटभर हळद नि झेंडूचं फूल. ती म्हनली, करा तुमाला काय करायचं ते, नि कामावर गेली. मी तिच्या कपाटातल्या नव्या कोऱ्या वाट्या काढल्या, भरल्या, नि आमच्या मजल्यावरच्या दारोदार गेले. बेल एकदाच वाजवली, शिकवल्याप्रमानं. एकीनं जाळीतनं बघितलं, 'नको' म्हनली, दार लावलं. बाकीच्यांनी तर उघडलंच न्हाई. आता दुसऱ्यांदा वाजवायची न्हाई, नि नवं तर म्हागारी न्यायचं नसतं. मग काय, ठिवली एकेक वाटी उंबऱ्यावर.

घरी यिऊन वाट बघत बसले. रिकामं भांडं कुनी परत करत न्हाई, तुलाबी ठावं हाय. घरात काय नसलं तर तू गुळाचा खडा तरी धाडतेस. मी आपली मनाशी म्हनतेय, ही शहरातली मानसं वाटीत काय घालून धाडतील?

दिवेलागनीला वॉचमन आला, म्हनला, खाली बोलावलंय. खाली सोसायटीची सेक्रेटरी बसलेली, नाकानं कांदं सोलनारी. भवती पाच-सा जनं. टेबलावर पिलाष्टिकच्या पिशवीत माझ्या वाट्या. ती इचारते, तांदूळ, हळद नि फूल दाराशी कुनाच्या सांगन्यावरनं ठिवलं? करनी समजली गं ती माझी. एकीनं म्हने उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडलं. चांगली कंप्युटरवर काम करनारी बाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हनले, आवो, हे नवं हाय, खायाचं असतंय. कोन ऐकतंय? कोनत्या घरातली तू, कुनाची कोन, तुला आत कुनी घेतलं, येवढंच चाललं व्हतं तिचं.

तेवढ्यात गेटातनं प्रदीप आला, खांद्याला बॅग. जीव भांड्यात पडला माझा. मनाशी म्हनले, आला माझा लेक, आता ह्यो सांगंल समद्यांना. लहानपनी ह्योच वाटी घिऊन तुझ्याकडं यायचा नि तू दिलेला गूळ वाटंतच चाटून संपवायचा. त्याला ठावं न्हाई तर कुनाला ठावं?

त्यानं वाट्यांकडं बघितलं. त्या मानसांकडं बघितलं. माझ्याकडं तेवढं बघितलं न्हाई. नि हळू आवाजात म्हनला, "सॉरी मॅडम. गावाकडच्या आहेत त्या. रविवारी जाणार आहेत."

गावाकडच्या. शालू, कोन गावाकडच्या? नऊ म्हैने पोटात वागवला त्याला. आनि रविवारी मी जानार हे मला तितं कळलं, त्या समद्यांच्या संगट. मी याची आई हाय, असं म्हनायला मला कुनाची चोरी नव्हती. पन म्हनले असते तर त्याची मान खाली गेली असती. आपलेच दात नि आपलेच ओठ. मी पिशवी उचलली.

लिफ्टमधी आमी दोघंच व्हतो. तिसरं कुनी नव्हतं. लिफ्टमधी बोलायचं न्हाई म्हनून मी बोलले न्हाई. त्योबी बोलला न्हाई.

घरात यिऊन पिशवी सोडली. एकबी वाटी रिकामी आली नव्हती, बरं का. भरलेलीच आली, माझ्याच तांदळानं. समीक्षानं वाट्या साबनानं दोनदा घासल्या नि तांदूळ पिशवीत बांधून दाराभाईर ठिवला. सकाळी कचरेवाला घिऊन गेला. इंद्रायनी तांदूळ, चिखलात उभं राहून मी नि त्याच्या बापानं लावलेला. बाप कापनीपातूर राह्यला न्हाई, त्याच्या हातची शेवटची लावनी ती.

रविवारी त्यांना लोनावळ्याला जायचंच व्हतं, हाटेलातली खोली कवाच सांगून ठिवलेली. वाटंत सोमाटन्याला मला उतरवलं. "बस मिळेल ना आई?" म्हनला. मी म्हनले, मिळंल. मग खाली उतरून माझ्या पाया पडला, भर रस्त्यात, येनाऱ्या-जानाऱ्यांदेखत. तितं त्याला कुनी वळखत नव्हतं.

आता तू रडू नको. तुझं डोळं पुस नि धार काढ, वासराला थोडं ठिव. हे बघ, बेल एकदाच वाजव, लिफ्टमधी गप उभी राहा, तांदूळ-बिंदूळ नेऊ नको, हे समदं तुला कोमलबी सांगंल. कोमल गुनाची हाय, ती माझ्या प्रदीपवानी न्हाई, असं तू म्हननार. मीबी म्हनायची.

तांबडी कशी बघतेय बघ माझ्याकडं. न्हाई, दावं सोडू नको. दिली ती दिली, दिलेलं म्हागारी घेनारी नंदाबाई न्हाई. फकस्त येवढं ऐक. कोमल कितीबी म्हनली, आई कायमची राहा, तरी जाताना गाय कुनाला देऊन जाऊ नको. मला सांग. मी यिऊन धार काढत जाईन.