नाही म्हणणारं यंत्र

"चाललं का, बू सुमिन्तेन?"

प्रश्न आला तेव्हा बू सुमिन्तेन शाळेच्या कचेरीत टेबलाखाली आडव्या झाल्या होत्या. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर, आणि नाकापासून वीतभर अंतरावर कॉम्प्युटरचा उघडा डबा. मुख्याध्यापक पाक हार्सोयो दारात उभे होते. टेबलाखालून त्यांचे काळे चकचकीत बूट तेवढे दिसत होते.

"हो पाक, चाललं," बू म्हणाल्या. तिकडे मोठ्या बाईला बू म्हणतात आणि मोठ्या पुरुषाला पाक.

चाललं नव्हतं. तीन दिवस झाले होते आणि बिनतारी नेटचं ते कार्ड डब्यात नुसतं बसून होतं, लग्नात रुसून बसलेल्या काकासारखं. पण वडीलधाऱ्या माणसाने हसून विचारलेल्या प्रश्नाला 'नाही' म्हणायचं, हे गुनुंगकिदुलच्या डोंगरात कुणी शिकवत नाही. पोर बोलायला लागलं की आधी 'हो' शिकतं, आणि पुष्कळांचं आयुष्य तेवढ्यावरच भागतं. बूंची एकावन्न वर्षं तशीच गेली होती. त्यांतली बावीस या शाळेत कारकून म्हणून.

बूट वळले. बूंना वाटलं, सुटले. पण दुपारच्या सुट्टीपर्यंत पाक हार्सोयोंनी गावभर सांगून टाकलं होतं: गुरुवारी सकाळी दहाला नववीच्या एक्केचाळीस पोरांची नावं परीक्षेसाठी आपल्याच शाळेतून जाणार. गावचे लुराह, म्हणजे सरपंच, येणार, पालक येणार, पिवळ्या भाताचा टोकदार ढीग, तुम्पेंग, रचला जाणार. सोमवार होता तो. बूंच्या पाचावर धारण बसली.

हे आमंत्रण उगाच नव्हतं. आजवर डोंगरातल्या या शाळेची नावं खाली वोनोसारी शहरातल्या मोठ्या शाळेतून जायची. दर वर्षी बू यादी घेऊन जात आणि तिथला कारकून त्यांना व्हरांड्यात उभं करून आत ओरडून सांगे, "डोंगरवाली बाई आलीय हो, बघा कुणाला वेळ आहे का." बू हसत. हसून दोन-दोन तास उभ्या राहत. गेल्या वर्षी शेतापलीकडच्या गावकचेरीच्या छपरावर सरकारी नेटचा डबा बसला. पाहुण्या मास्तरांच्या लॅपटॉपने शाळेच्या व्हरांड्यात ते नेट पकडलंसुद्धा. तेव्हापासून पाक हार्सोयोंनी मनात धरलं होतं की निवृत्तीच्या आधी एकदा तरी शाळेची नावं शाळेतूनच जावीत. निवृत्तीला आता पाच आठवडे उरले होते.

कॉम्प्युटरवर लिनक्स होतं, कायदेशीर फुकट मिळणारी प्रणाली, तेही पाक हार्सोयोंच्याच शब्दाखातर. वोनोसारीत सगळेच चोरीची प्रणाली टाकून देत. "पोरांना परीक्षेत चोरी करू नका म्हणायचं, आणि कचेरी चोरीच्या मालावर चालवायची?" ते म्हणाले होते. त्यावरही बू 'हो पाक' म्हणाल्या होत्या. मग मासिकासोबत आलेली तबकडी आणि एक जाड पुस्तक घेऊन, चुकत-माकत, त्यांनी ते स्वतः बसवलं. पहिल्यांदा पडदा उजळला तेव्हा त्या एकट्याच होत्या. बाईंनी ओढणीला हात पुसले, खुर्ची जवळ ओढली आणि शाळेचं नाव टाइप करून बघितलं. अभिमान वाटला, पण सांगायचा कुणाला?

मंगळवारी त्यांच्या नवऱ्याने डोकं चालवलं. पाक तुगिमान पंप दुरुस्त करायचे, म्हणून जगातलं सगळं पंपासारखंच असतं अशी त्यांची समजूत. घरात ते बूंना बुने म्हणत आणि बू त्यांना पाकने.

"बुने, ओढ कमी पडतेय त्याला," ते म्हणाले. "छपरावर डिशसारखी कढई लावू. खालच्या वाडीत सगळ्यांनी कढई लावलीय, नेट धो-धो येतं."

"पाकने, घरात कढई एकच आहे."

"एक दिवस तळू नकोस."

पाक तुगिमानांनी कार्डाच्या पाठीमागची बोटाएवढी अँटेनाची काडी फिरवून काढली, तिच्या जागी वायर लावली, वायर खिडकीतून वर नेली आणि बूंची कढई शाळेच्या कौलांवर जाऊन बसली. पोरं खालून विचारत होती, "बू, आज वर भजी का?" संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. कान कितीही मोठा लावा, माणूसच झोपलेला असेल तर तो ऐकणार काय? कढई घरी परत आली, डोंगरात आवडीने खातात ते टोळ तळायला लागली, आणि पाक तुगिमान मूग गिळून जेवले.

दरम्यान पडद्यावर कॉम्प्युटर सुरू होताना एक ओळ येई. इंग्रजीत, रोज तीच. बूंना तिच्यातला 'नाही' तेवढा कळे. पहिल्या दिवशी त्यांना ती ओळ फार लागली होती. इतकं तोंडावर 'नाही' त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तरी त्यांनी ती वहीत उतरवून घेतली, कारण शाळेत आलेला प्रत्येक कागद नोंदवायचा ही बावीस वर्षांची सवय.

बुधवारी त्या मोटरसायकल काढून वोनोसारीला गेल्या, कार्ड विकणाऱ्या मास जुमादीच्या दुकानात. जुमादी तिशीतला, म्हणून 'मास', म्हणजे दादा; गोड माणूस. त्याने स्टूल पुसून दिलं, चहा मागवला.

"मास, ते कार्ड चालत नाही."

"चालायला पाहिजे, बू."

"लिनक्सवर चालेल म्हणाला होतात."

"चालतं ना, बू. चालतंच."

"चालताना तुम्ही पाहिलंय?"

जुमादी हसला. ते हसू बूंना चांगलं ओळखीचं होतं. सोमवारी टेबलाखाली त्यांच्या स्वतःच्या तोंडावर तेच होतं.

"मास," त्या म्हणाल्या, "मी तुमच्या आईच्या वयाची. मला राग येणार नाही. नसेल पाहिलं तर नाही म्हणा."

चहा आला. जुमादीने त्यांच्या कपात साखर ढवळली, पुन्हा ढवळली. "नाही पाहिलं, बू," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही एवढ्या लांबून आलात. आलेल्या माणसाला 'माहीत नाही' कसं सांगायचं? वाईट दिसतं."

बूंना खरंच राग आला नाही. कुठल्या तोंडाने येणार? उलट पाच दिवसांत पहिल्यांदा पायाखाली जमीन लागल्यासारखं वाटलं. एका माणसाने एक खरी गोष्ट सांगितली होती.

"ते यंत्र बरं तुमच्यापेक्षा," त्या म्हणाल्या. "ते तोंडावर नाही म्हणतं. हे बघा, रोज काय सुनावतं मला." आणि वही उघडून त्या ती ओळ अक्षर लावत मोठ्याने वाचू लागल्या. अर्ध्यावर थांबल्या. पुन्हा वाचली. ओळीत 'नाही' होतं, पण 'नाही'च्या आधी एक नाव होतं, अक्षरं आणि आकडे असलेलं, फाइलीचं असतं तसं.

"मास, हे मला बोलत नाहीये," बू हळूच म्हणाल्या. "हे सामान मागतंय. अमुक फाइल मिळाली नाही म्हणतंय. पाच दिवस नाव घेऊन मागतंय आणि मी तोंड फिरवून बसलेय."

जुमादी वहीवर वाकला. त्याने दुकानाच्या कॉम्प्युटरवर ते नाव शोधलं. ती त्या कार्डाच्या मेंदूची फाइल होती. ती मिळेपर्यंत कार्ड जागं होत नाही, असं तिथे कुणीतरी लिहून ठेवलं होतं. गंमत म्हणजे ती नेटवरून आपोआप आली असती, पण नेट यायला आधी तीच हवी होती. जुमादीने ती उतरवून बूंच्या पेनड्राइव्हवर घालून दिली.

"आता चालेल का?" बूंनी विचारलं.

जुमादीने पेनड्राइव्ह पुढे केला. "माहीत नाही, बू. पण नाही चाललं तर मी स्वतः येईन."

घरी जाताना बू पाक हार्सोयोंच्या दारात थांबल्या. फाइल खिशात होती. उद्या चाललं असतं तर सोमवारचं खोटं आपोआप मुरून गेलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. तेच त्यांना खुपत होतं. चोरीची प्रणाली नको म्हणून जो माणूस अडून बसला, त्याच्या शाळेतून पहिली यादी थापेवर जायला नको होती. पाक अंगणात पिंजऱ्यातल्या पारव्याला दाणे घालत होते.

"पाक, सोमवारी मी चाललं म्हणाले, ते खोटं होतं. अजून चाललेलं नाही. उद्या चालेल की नाही, मला माहीत नाही."

पाक हार्सोयोंनी पिंजऱ्याचं दार लावलं.

"बावीस वर्षं मी विचारतोय," ते म्हणाले, "आणि या शाळेत सगळं कायम चालू असतं. छप्पर गळायचं तेव्हासुद्धा 'ठीक आहे पाक'. मला खरं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या." मग हात झटकून म्हणाले, "उद्या नाहीच झालं, तर लुराहांना मी सांगेन. तुम्ही नाही. मी उभा राहून सांगेन की झालं नाही."

बूंना रडू आलं आणि त्या तिथेच रडल्या. पारवा घुमत राहिला.

गुरुवारी सकाळी सातला त्यांनी फाइल नेमून दिलेल्या जागी ठेवली, पासवर्ड घातला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. ती ओळ आली नाही. कार्ड जागं झालं होतं. बू खुर्चीच्या टोकावर सरकल्या आणि नेटची यादी उघडली. यादी रिकामी. गावकचेरी हाकेच्या अंतरावर, आणि यादीत काही नाही. त्यांनी तीनदा पाहिलं, जाड पुस्तक उलटंपालटं केलं, दहा वाजत आले. व्हरांड्यात चपला वाजायला लागल्या होत्या, तुम्पेंगचा वास आत आला. बूंनी टॉर्च घेतली आणि पुन्हा टेबलाखाली शिरल्या. कार्डाच्या पाठीला काडीच नव्हती.

"पाकने," त्या टेबलाखालूनच म्हणाल्या, "ती काडी कुठाय?"

दारात नवा नक्षीदार बाटिक शर्ट घालून उभ्या असलेल्या पाक तुगिमानांनी कपाळावर हात मारला. काडी घरी, चुलीवरच्या खिळ्याला, झाऱ्याशेजारी. ते लुराहांच्या अंगावरून पळत सुटले. मोटरसायकलचा आवाज उतारावर गेला आणि दहा मिनिटांनी चढावर परत आला. तेवढ्या वेळात लुराहांनी विचारलं, "सगळं तयार ना?" आणि पाक हार्सोयो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाही. अजून नाही. थांबावं लागेल." लोक एकमेकांकडे बघू लागले. लुराह जरा गोंधळले, मग खुर्चीत बसले. आकाश काही कोसळलं नाही.

काडीला तेलाचा वास येत होता. बूंनी ओढणीने पुसून ती फिरवून बसवली. यादीत एक नाव उमटलं, गावकचेरीचं.

दहा वाजून वीस मिनिटांनी बू सुमिन्तेन नावं भरू लागल्या. प्रत्येक नाव मोठ्याने वाचत होत्या. आपल्या लेकराचं नाव आलं की मागून कुणीतरी घसा खाकरी. एक्केचाळिसावं नाव गेलं आणि पडद्यावर 'मिळालं' असा शब्द आला. टाळ्या वाजल्या नाहीत. लुराहांनी तुम्पेंगचं मानाचं टोक कापून पाक हार्सोयोंना दिलं. त्यांनी ते केळीच्या पानासकट बूंच्या हातात ठेवलं.

जेवणं झाली, लोक पांगले. पाक हार्सोयो कचेरीत आले.

"चाललं का, बू सुमिन्तेन?"

"हो पाक," बू म्हणाल्या. आणि तेच दोन शब्द, या वेळी खरे असल्याने, त्यांना जड लागले.

"कुठे दिसतं ते?"

"मागे दिवा लागतो पाक, हिरवा. पण खाली वाकावं लागेल."

पाक हार्सोयोंनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि साठ वर्षांचे गुडघे धरत धरत ते फरशीवर टेकले. वडील माणूस खाली बसल्यावर आपण उभं राहायचं नसतं, म्हणून बूही बसल्या. त्यांनी आणखी मान खाली घातली, म्हणून बूंनीही घातली. टेबलाखाली धूळ होती, वायरींचा गुंता होता, आणि त्यात ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा लुकलुकत होता. दोघं तो बघत बराच वेळ तिथेच बसून राहिले.