किर्चोच्या टायरचा हंस

बिल्डिंगपुढची बाग टायरांनी सजवायची असते, हे आमच्या विदिन गावात कुणाला शिकवावं लागत नाही. अर्धा पुरलेला टायर म्हणजे कुंपण, आडवा ठेवला की पिटुनियाच्या फुलांचा वाफा, आणि कापून उलटा केला की हंस. ज्याच्या वाफ्यात हंस नाही त्याला लोक वाईट म्हणत नाहीत. नुसते जरा गप्प होतात.

माझ्या शेजारचे मेतोदी, निवृत्त बसड्रायव्हर, बरीच वर्षं हंसाशिवाय जगले. त्यांची बायको ज्लात्का इटलीत, बोलोन्याला, एका म्हातारीच्या देखभालीला गेली होती. म्हातारी वारली, तेव्हा तिनं फोनवर सांगितलं, "शनिवारी येते. दुसऱ्या घरून बोलावणं आलंय. राहायचं की परत जायचं, ते आल्यावर बघते."

मेतोदींची झोप उडाली.

"बघते म्हणजे काय बघणार हो, शेजारीबुवा?"

"घर बघेल."

"घरात काय आहे बघण्यासारखं?"

आम्ही दोघांनी एकदा घरावरून नजर फिरवली आणि हंस करायचं ठरवलं.

हंस करणं सोपं असतं, असं तो न केलेले सगळे सांगतात. टायरवर खडूनं मान आखायची, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या सुरीनं कापायचं, मग आतली बाजू बाहेर काढायची. पंख आपोआप वर येतात. पण हल्लीच्या टायरांत पोलादी तारा. मेतोदींच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या चांगल्या सुऱ्या त्यात धारातीर्थी पडल्या. बिनतारेचा, जुना, मऊ टायर गल्लीत एकच होता, आणि तो किर्चो प्लंबरच्या गाडीच्या जागेवर होता.

आता रस्ता नगरपालिकेचा, त्यामुळे गाडीची जागा कायद्यानं कुणाचीच नाही. पण जागेवर टायर ठेवला की ती आपली. सातबारा म्हणा, खरेदीखत म्हणा, सगळं तो टायरच.

मेतोदींनी तो उचलला आणि तिथं दुसरा ठेवला.

"जागेवर टायर होता, जागेवर टायर आहे," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी हंस वाफ्यात उभा राहिला. रंग पांढराशुभ्र, चोच लाल. मान मात्र एका बाजूला पडली होती, शेजाऱ्याच्या दाराला कान लावल्यासारखी. मेतोदी मिशीला लागलेला रंग पुसत होते, तेवढ्यात किर्चो खाली आला.

"ओ मेतोदीकाका! हा पांढरा कोण?"

"हंस."

"ते दिसतंय. टायर कुणाचा?"

"तुझ्या जागेवर आहे की टायर."

"तो कुणीतरी टाकलेला टायर आहे! माझा माझ्या बापानं ठेवलेला. अख्खी गल्ली ओळखते त्याला. तुमच्या त्या उपऱ्याला बाजूला सारून काल एकजण खुशाल गाडी लावून गेला!"

"अरे, ती आज येणार. आजच्यापुरता तरी राहू दे."

"बघेल की तिथंसुद्धा," म्हणून किर्चोनं हंस काखेत मारला आणि आपल्या जागेवर नेऊन ठेवला. मेतोदी मोकळ्या वाफ्याकडे बघत राहिले. शाळेत माझा पेपर कोरा राहिला होता तेव्हा माझा चेहरा असाच झाला असावा.

टॅक्सी आली आणि हंसापुढे येऊन थांबली. ज्लात्का उतरली. घराकडे तिनं पाहिलंच नाही.

"हे कुणाचं?"

"मी केला," मेतोदी म्हणाले.

"टायर माझा," किर्चो म्हणाला.

"तू केलास? लग्न झाल्यापासून घरात एक खिळा ठोकला नाहीस!" तिनं बॅग खाली ठेवली आणि हंसाची मान धरून पाहिली. "आत गज कुठाय? गजाशिवाय मान पडणारच. आजारी बदक दिसतंय." आणि तिनं तो उचलला.

"काकू, अहो, माझी जागा..."

"जागा कुठं पळून जातेय का? फावडं आण."

किर्चोनं जाऊन फावडं आणलं.

मग हंस गुलाबापाशी गेला. तिथून दाराशी. तिथून माझ्या खिडकीखाली.

"म्हातारीच्या बाल्कनीत एक कुंडी होती," ज्लात्का घाम पुसत म्हणाली. "बिचारी सावलीत. मी म्हटलं, जरा उन्हात सरकवते. लेक म्हणाली, नको, आईला तिथंच आवडते. आई झोपूनच असायची, तिला बाल्कनी दिसत नव्हती. शेवटपर्यंत कुंडी काही हलली नाही." तिनं हंस पुन्हा उचलला. "इथंही नको. अंजिराच्या झाडाखाली बघू."

फोन वाजला. तिचे हात चिखलात, म्हणून मेतोदींनी तो तिच्या कानाशी धरला. ती इटालियनमध्ये भराभर बोलली. मेतोदींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ते फोन हातात निखारा धरावा तसा धरून उभे होते.

"कोण होतं?"

"नव्या घरचे. कधी येता, म्हणून."

"मग?"

"म्हटलं, मला सवड नाही." ती दोन पावलं मागे सरली आणि डोळे बारीक करून बघू लागली. "खण आता. तिथं नाही, अलीकडे."

मेतोदी खणू लागले. पलीकडेच. तिनं पुन्हा सांगितलं. ते "हो, हो" म्हणाले आणि मोठ्या खुशीत चुकीच्याच जागी खणत राहिले.