ठकूबाईंनी स्पंज धुतला

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि स्वभावाने जरा तापट आहे. कोणी मला खटारा म्हटले तर मी ऐकून घेते. पण दगाबाज म्हटले की माझ्या अंगाची लाही लाही होते. हा शब्द मला आयुष्यात एकदाच ऐकावा लागला, तोही ज्यांनी माझ्यासाठी जिवाचे रान केले त्यांच्याच तोंडून. तेव्हा नेमके काय झाले होते, ते आज सांगते.

माझे पहिले मालक भिलाईजवळच्या दुर्ग शहरातल्या मोहन नगरातले एक शौकीन गृहस्थ होते. त्यांना शर्यतीचे भारी वेड. मी हलकी व्हावी म्हणून त्यांनी माझे मडगार्ड काढले आणि आवाज वाढावा म्हणून सायलेन्सर कापला. इंजिनाला भरपूर हवा मिळावी म्हणून एअर फिल्टर तर फेकूनच दिला. मैदानावर मी सुसाट पळायची, लोक टाळ्या वाजवायचे. मलाही ते आवडायचे, खोटे कशाला बोलू? पण दोन वर्षे नाकातोंडात धूळ गेली आणि माझा पिस्टन झिजला. मालकांनी मला अंगणात ताडपत्रीखाली टाकले आणि पुन्हा ढुंकूनही पाहिले नाही.

तिथून १९८० साली मला जानरावांनी विकत घेतले. जानराव मूळचे वर्ध्याकडचे. अहिवाऱ्याजवळच्या चुनखडीच्या खाणीत ते दगड फोडणाऱ्या क्रशरवर फिटर होते. खाणीच्या क्वार्टरमध्ये त्यांची आई ठकूबाई, पत्नी रमा आणि आठ वर्षांची मुलगी कलावती राहत. कलावतीला सिकलसेलचा आजार होता. तिच्या रक्तातच दोष होता. थंडी बाधली किंवा ताप आला की तिची हाडे अशी ठणकत की पोर तळमळायची. भिलाईच्या डॉक्टरांनी बजावले होते, दुखणे सुरू झाले की वेळ घालवू नका, ताबडतोब इथे आणा. खाणीवरून भिलाईला दिवसाला दोनच बस होत्या. म्हणून जानरावांना गाडी हवी होती.

त्यांनी मला भिलाईतल्या पॉवर हाऊस बाजारात दयाराम मिस्त्रीकडे नेले.

"मिस्त्री, इचा जोर कमी झाला तरी चालते," जानराव म्हणाले. "पन रस्त्यात थांबली नाही पायजे."

दयाराम हसला. "सारे लोक मले जोर वाढवाले सांगतात. जोर कमी करा म्हननारे तुमीच पहिले, जानरावभाऊ."

मला आधी फार अपमान वाटला. शर्यतीची घोडी टांग्याला जुंपावी तसे झाले. पण दयारामचे काम पाहून मी गप्प बसले. त्याने सिलिंडर आतून तासून नवा पिस्टन बसवला, क्रँकच्या बेअरिंग बदलल्या आणि इंजिन तापू नये म्हणून हेडखाली जाड गॅस्केट घातले. शेवटी पत्र्याचा डबा करून त्यात तेलात भिजवलेला जाड स्पंज ठेवला. हवा आता त्या स्पंजातून गाळून माझ्यात येणार होती. दयाराम जानरावांना म्हणाला, "खदानीची धूळ या तेलाले चिकटते. स्पंजाले तेल आहे तोवर तुमचं इंजिन आहे."

जानरावांनी हे शब्द मनावर घेतले. दर रविवारी ते स्पंज काढत, रॉकेलमध्ये धूत, वाळवत आणि मग नवे तेल घालून हाताने दाबून दाबून मुरवत. ठकूबाई शेजारी बसून वाती वळत आणि हे सारे टक लावून पाहत.

"बाबू, हे काय करून राहिला तू?" त्यांनी एकदा विचारले.

"काही नाई माय. मशीनचं काम आहे, तुले नाही समजनार."

ठकूबाई हसल्या आणि वाती वळत राहिल्या. जानराव काही वाईट नव्हते हो. घाईत होते, इतकेच.

तीन वर्षांत मी कलावतीला अकरा वेळा भिलाईला पोचवले. एकदाही थांबले नाही. मैदानावरच्या टाळ्यांपेक्षा मला हॉस्पिटलच्या फाटकाशी उभे राहणे आवडू लागले होते.

मग त्या साली पोळा आला. क्वार्टरमध्ये बैल कुठला? पण ठकूबाईंना पोळा सुना घालवणे जमेना. "कलीले दवाखान्यात वाहून नेते, तोच आपला बैल," त्या म्हणाल्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी माझ्या हँडलला तूप-हळद चोळली आणि मला रीतसर आमंत्रण दिले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!" मी आतून फुलून गेले.

दुसऱ्या दिवशी जानराव ड्युटीवर होते. ठकूबाईंनी मला चकचकीत धुतले. धुता धुता त्यांनी तो पत्र्याचा डबा उघडला. आत काळपट, तेलकट स्पंज. "बापे मानसाच्या हातचं धुनं पाह्य वं!" असे रमाला म्हणत त्यांनी गरम पाण्यात सोडा टाकला आणि स्पंज तीनदा धुतला. उन्हात खडखडीत वाळवून, होता तसा बसवला. पाहून पाहून त्यांना ते काम पाठ झाले होते; धुतलेल्या स्पंजाला पुन्हा तेल कशाला माखायचे, एवढेच त्यांना कळले नव्हते. मग मला पुरणपोळी दाखवली. पुढे इंजिन सुरू होऊन कोरड्या स्पंजातून हवा आत आली तेव्हा मला सगळे कळले, पण मला वाचा नव्हती.

पुढे क्रशरची मोठी दुरुस्ती निघाली आणि जानरावांचे रविवार ओव्हरटाइममध्ये गेले. पाऊस सरला, रस्ते पांढऱ्या धुळीने भरले. ती बारीक धूळ महिनाभर माझ्या पिस्टनला खात राहिली.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी कलावतीला तापाबरोबर दुखणे उठले. जानराव, मध्ये कलावती, मागे तिला धरून रमा. अर्ध्या वाटेत माझे इंजिन तापले, किंचाळले आणि जागीच जाम झाले. जानरावांनी किक मारून पाहिली. किक हलेना.

"मी नाही रडत बाबा," कलावती दात आवळून म्हणाली. "तुमी गाडी पाहा."

तेव्हा जानरावांनी मला लाथ मारली आणि म्हणाले, "दगाबाज!"

दीड तासाने चुनखडीचा एक ट्रक आला आणि त्यांना घेऊन गेला. कलावती सतरा दिवस हॉस्पिटलात होती. तिचा जीव वाचला, पण दुखणे खुब्यात बसले आणि ती डाव्या पायाने लंगडू लागली.

दयारामने माझा डबा उघडला तेव्हा स्पंज कोरडा होता आणि आत चुन्याची पूड साचली होती. जानराव काय ते समजले. घरी मात्र आईला म्हणाले, "जुनं इंजिन होतं माय. त्यानंच दगा देल्ला."

मी संतापाने जळत होते. मला वाटे, कोणीतरी खरे सांगा! माझी इच्छा पुरी झाली. दुरुस्ती झाल्यावर मला पोचवायला दयाराम स्वतः आला आणि चहा पिता पिता सहज बोलून गेला, "आजी, कोनंतरी स्पंजाचं तेल धुऊन टाकलं होतं, म्हनून गाडी बसली."

ठकूबाई चहाची कपबशी उचलून आत गेल्या. रात्री जेवल्या नाहीत. सकाळी गाठोडे बांधून ओट्यावर येऊन बसल्या. "मले गावी पाठव, बाबू. माया हातानं पोरीचा पाय गेला."

त्यांचा चेहरा पाहून मला माझ्या खरेपणाची लाज वाटली. दगाबाज म्हणवून घेतले असते तर माझे काय जात होते?

जानराव उठले. त्यांनी आईला माझ्याजवळ पाटावर बसवले, डबा उघडला आणि हवा कुठून येते, धूळ कशी अडते, तेल कशाला लागते, सगळे दाखवले. ठकूबाईंच्या हातून स्पंजात तेल मुरवून घेतले. दहा मिनिटेही लागली नाहीत.

ठकूबाई हातातल्या स्पंजाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "येवढंच होतं? मंग हे मले तवा कावून नाही सांगतलं? मी तं तुया बाजूलेच बसून राहत होती."

जानरावांनी तेलाची बाटली आईच्या हाती दिली.

मित्रांनो, ठकूबाई गावी गेल्या नाहीत, आणि त्यानंतर मी आणखी नऊ वर्षे चालले. दर रविवारी माझा स्पंज त्यांनीच तेलात भिजवला. तुमच्या घरातही कोणी आजी, कोणी धाकटे भावंड तुमच्या कामाशेजारी बसून पाहत असेल. त्याने काही विचारले, तर 'तुला नाही समजणार' असे म्हणू नका. हात थांबवा आणि सांगा. माझे इंजिन दयारामने पुन्हा बांधून दिले. कलावती अजून लंगडते.