आत्याचे फुगे

आमच्या घराण्यात लग्नाचे पहिले फुगे नवरदेवाची आत्या सोडते. मैद्याचं आंबवलेलं पीठ मुठीतून पिळायचं आणि अंगठ्याने तोडून तेलात सोडायचं, की गोळा टम्म फुगतो. नेविलची आत्या मी, गर्ट्रूड. आणि माझा हात मार्चपासून कापतोय.

डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. बरा होत नाही, गोळ्यांनी आटोक्यात राहतो, गोळ्या आयुष्यभर. मी नवऱ्याला, अल्फान्सोला, बजावलं, कुणापाशी बोलायचं नाही. चारचौघांत हात पर्सखाली. चहा नको, पित्त होतं, असं सांगायचं. रडायचं ते बाथरूममध्ये, नळ सोडून. पाणी वाया जातं म्हणून अल्फान्सो ओरडायचा. त्याला सगळं कळायचं, तरी ओरडायचा.

मला भीती एकच. लग्नात मला खुर्चीवर बसवतील आणि 'बिचारी' म्हणतील. म्हणून कल्याणला भावाकडे जाणंच सोडलं, फोनही उचलत नव्हते. तिकडे त्यांनी ठरवून टाकलं की आत्या रुसली. पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून! मी ती पत्रिका उघडलीही नव्हती.

फुग्यांच्या आदल्या दिवशी ठाण्यात माझ्या दारात बँड वाजला. मला मनवून न्यायला आले होते भाऊ सॅव्हियो, नेविल आणि भावजय रोवेना. तिच्या हातात मानाची साडी आणि नवी छापलेली पत्रिका. तीस वर्षांत जिने माझं एक ऐकलं नाही, ती म्हणते, "चुकलं आमचं, गर्ट्रूड. हात जोडते."

हसावं की रडावं कळेना. ट्रम्पेटवाला थांबेना.

"अरे, रुसले नाही रे मी!" मी ओरडले. "हात कापतो माझा! पार्किन्सन झालाय!" आणि हात वर धरला. बँड गप्प झाला.

रोवेनाने तो हात दोन्ही हातांत घेतला. "अगं, आम्हाला वाटलं तू नातंच तोडलंस," ती म्हणाली. आम्ही दोघी रडलो, नळ न सोडता. किती महिन्यांनी मला मोकळा श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी कल्याणला पहिला घाणा मीच सोडला. हात कापला, प्रत्येक फुग्याला शेपटी आली. नेविलने सगळ्यात लांब शेपटीचा पळवला. माझ्यासाठी पिठाचं पातेलं धरून उभी असलेली रोवेना त्याच्यावर खेकसली, "सगळे खाऊ नकोस रे, पाहुण्यांना ठेव. बिनशेपटीचे कुणीही करेल."